रुंद तोंडाच्या बरण्या

“बाई, तुमचे उंदीर ह्या खेपेला रुसलेत,” उंदीरमामा म्हणाले आणि त्यांनी मापांची वही तिच्यापुढे सरकवली.

प्रयोगशाळेच्या तळघरातले पिंजरे गेली बावीस वर्षं तेच सांभाळत होते, म्हणून ते उंदीरमामा. खरं नाव फक्त पगारपत्रकात. त्यांची बायकोसुद्धा फोन केला की “मामा जागेवर आहेत का?” असंच विचारायची.

तिनं वहीवरून बोट फिरवलं. बारा उंदीर, बारा गाठी. एकूण एक गाठ गेल्या आठवड्यापेक्षा मोठी. मागच्या खेपेला ह्याच दिवशी बारातल्या अकरा गाठी विरत आल्या होत्या. तेव्हा मामांनी तिला वर फोन करून बोलावून घेतलं होतं आणि एक उंदीर तळहातावर घेऊन म्हणाले होते, “शोधा आता, सापडते का गाठ!”

“मापायला चुकलं असेल, मामा.”

“आधी चष्मा लावून मापलं, मग चष्मा काढून मापलं. गाठीला माझ्या चष्म्याची भीड नाही, बाई.”

ती हसली, पण नुसती ओठांनी. चकत्या त्याच, मापं तीच, भोकं तेवढीच मोठी. मग घोडं अडलं कुठे?

तिचं काम चकत्या करायचं. समुद्री शेवाळातून काढलेला एक डिंकासारखा पदार्थ असतो, त्याची शर्टाच्या बटणाएवढी मऊ चकती. ती गाठीशेजारी कातडीखाली बसवायची. चकतीत त्या गाठीचेच सूक्ष्म तुकडे भरलेले. शरीरातल्या पहारेकरी पेशींनी चकतीत शिरायचं, ते तुकडे चाचपायचे, शत्रूचा तोंडवळा ओळखून बाहेर पडायचं आणि बाकीच्या पेशींना घेऊन गाठीवर चालून जायचं. सगळी मदार चकतीच्या घडणीवर. भोकं बारीक असली तर पेशी आत शिरत नाहीत, बाहेरून नुसतं कातडं चढवून चकतीला वाळीत टाकतात. भोकं मोठी असली तर शिरतात. निदान प्रयोगशाळेत सगळ्यांनी तसं मानलं होतं, कारण मोठ्या भोकांच्या चकत्यांनी अकरा उंदीर बरे केले होते आणि बारीक भोकांच्या चकत्यांनी एकही नाही.

“म्हणजे पोलीसचौकी,” सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं होतं. “आत बोलवायचं, चोराचा फोटो दाखवायचा आणि सोडायचं गल्लीत.”

“अगदी तसंच, आई.”

“आणि चौकीचं दार लहान असेल तर जाड हवालदार बाहेरच राहणार.”

सासूबाई मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. छत्तीस वर्षं त्यांनी कात्र्या, चिमटे, सुऱ्या निर्जंतुक करून सर्जनांच्या हातात दिल्या. सुनेला त्या शास्त्रीणबाई म्हणत, अर्धं कौतुकानं आणि अर्धं तिला कुकरच्या शिट्या मोजता येत नाहीत म्हणून. मुलगा मालवाहू जहाजावर, सहा महिने पाण्यात आणि दोन महिने घरी. तेव्हा घरात ह्या दोघी आणि अडीच वर्षांची ठमी. ठमी हे नाव गालांमुळे पडलं होतं, आणि ते तिला शोभत होतं.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सहा महिने औषधाच्या बाटल्या चढल्या. अडीच महिन्यांपूर्वी तपासणीत यकृतावर नवे ठिपके दिसले. डॉक्टरांनी दुसरं औषध सुचवलं. पहिल्यापेक्षा जहाल, आणि उपयोग होईलच असं नाही. नेमके त्याच आठवड्यात अकरा उंदीर बरे झाले होते. त्या संध्याकाळी ती घरी आली ती जवळजवळ पळतच. चपला काढायच्या आधी दारातूनच ओरडली, “आई, चालली! आपली चकती चालली!”

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. प्रयोगशाळेचे सर एकाच रुग्णापुरत्या खास परवानगीसाठी अर्ज करणार आहेत, तो रुग्ण कोण हे सरांच्या मनात ठरलेलं आहे, हेही ऐकलं. मग त्यांनी डॉक्टरांना कळवून टाकलं, “तुझं जहाल औषध तुझ्याकडेच ठेव. मी सुनेच्या चकतीची वाट बघते.”

तेव्हा ती गप्प बसली होती. ‘आई, दोन्ही करा’ असं म्हणायला तिचं तोंड कुणी धरलं नव्हतं. पण जहाल औषधानं पेशींचं सैन्यच मरगळतं, मग चकतीत शिरणार कोण, असा शास्त्रोक्त विचार तिनं केला आणि त्या विचाराचा तिला अभिमानही वाटला.

तळघरातून वर आल्यावर तिनं आपल्या कामाच्या दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीत चाललेल्या चकत्या, दुसरीत रुसलेल्या. ती एकेक ओळ ताडून बघत गेली. पावडर त्याच डब्यातली. पाणी त्याच यंत्रातलं. भोकं पाडायला मिसळलेले विरघळणारे मणी त्याच पाकिटातले. मणी विरघळून निघून जावेत म्हणून चकत्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्यांत तीन दिवस धुतलेल्या, तेही तसंच. आणि त्यानंतर बरण्यांची ओळ.

पहिल्या वहीत: बरण्या ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेवर.

दुसऱ्या वहीत: बरण्या ओव्हनमध्ये, कोरड्या, अडीचशे अंशांवर.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं दोन्ही वह्या मिटल्या, हात धुतले, आणि आज ठमीला सर्दी आहे म्हणून लवकर जायला हवं असं शेजारच्या टेबलावर सांगून ती घरी निघून गेली. सर्दी नव्हती.

नियम जुना होता. चकत्यांच्या बरण्या कोरड्या भट्टीतच भाजायच्या. वाफेनं जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंची सालं काचेला चिकटून राहतात. ती जाळायला कोरडी आच लागते. शरीराला ती सालं दिसली की त्याला जंतू जिवंत का मेलेला ह्याच्याशी कर्तव्य नसतं, हल्ला झाला म्हणून ते सगळं सैन्य बाहेर काढतं. नियम तिला ठाऊक होता. पण ओव्हन सगळ्यांत मिळून एकच, आणि चारनंतरच रिकामा व्हायचा. तापायला, भाजायला, निवायला तीन तास. मागे एकदा आग लागली होती, त्यामुळे ओव्हन पेटता सोडून कुणी घरी जायचं नाही. आणि पाळणाघर सहाला बंद. दीड वर्षापूर्वी ठमीला तिथं ठेवायला सुरुवात केली तेव्हा तिसऱ्याच दिवशी तिला उशीर झाला. पाळणाघरवाल्या बाईंनी दिवे मालवून, कुलूप हातात घेऊन ठमीला पायरीवर बसवलं होतं. “पोराला आई आहे का नाही, असं विचारत होते लोक,” बाई म्हणाल्या. त्यानंतर तिनं बरण्या वाफेवर काढायला सुरुवात केली. चाळीस मिनिटांत काम, साडेपाचची बस. वहीत तिनं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं, फक्त कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

सासूबाईंचं पहिलं औषध संपलं तशी त्यांना जरा हुशारी वाटू लागली. “घरात बसून भिंती काय मोजू? ठमीला मी आणत जाईन,” त्या म्हणाल्या. नोकरी सुटलीच होती. मग तिला संध्याकाळ मिळाली आणि बरण्या पुन्हा भट्टीत जाऊ लागल्या, नियमाप्रमाणे, स्वच्छ.

आणि उंदीर रुसले.

खात्री करायला एक तास पुरेसा होता. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तपासणीच्या नळ्यांचा डबा होता. नमुन्याचं पाणी नळीत घालायचं, तासभर उबेत ठेवायचं, मग नळी उलटी करायची. आतलं द्रावण खाली ओघळलं तर नमुना स्वच्छ. थिजून तळाशी चिकटून राहिलं तर सालं आहेत. त्यांनी दर वेळी पावडर तपासली होती, पाणी तपासलं होतं. तयार चकती मात्र कधीच कुणी तपासली नव्हती. स्वच्छ गोष्टींपासून केलेली वस्तू स्वच्छच असणार, नाही का?

तो तास तिला नऊ दिवस सापडला नाही. रोज ती फ्रीज उघडायची, काहीतरी दुसरं काढायची आणि दार लावायची. घरी ठमी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, ही तिची बाळंतपणापासूनची खोड. त्या नऊ दिवसांत ती सासूबाईंच्या खोलीतही जाऊ लागली. दाराशी उभी राहायची, पांघरूण वरखाली होताना बघायची.

“काय गं, मी मेले का बघतेस?” एकदा अंधारातून आवाज आला.

“नाही, आई. खिडकी लावली का बघत होते.”

“खिडकी तिकडे आहे, शास्त्रीणबाई.”

दहाव्या दिवशी सरांनी अर्जाचा मसुदा तिच्या टेबलावर ठेवला. “वाचून घे. सोमवारी मी सही करतो,” ते म्हणाले. तिनं पहिलं पान वाचलं. रुग्ण, स्त्री, वय एकसष्ट, वजन चव्वेचाळीस किलो. दुसरं पान न उलटताच ती उठली आणि खालच्या कप्प्यातला डबा काढला.

तासाभरानं तिनं चार नळ्या उलट्या केल्या. भाजलेल्या बरणीतल्या चकत्यांच्या दोन्ही नळ्या ओघळल्या. वाफेच्या बरणीतल्या दोन्ही थिजलेल्या. तिनं त्या टिचक्या मारून बघितल्या, पण थेंब हलला नाही.

त्या नळ्या हातात घेऊनच ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी नळ्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते खुर्चीत मागे टेकले.

“म्हणजे भोकांनी काही केलंच नाही,” ते म्हणाले.

“थोडं केलं असेल, सर. पण बारीक भोकांच्या चकत्यांत मणी नसतात, त्या ह्या बरण्यांत कधी धुतल्याच नाहीत. अकरा उंदीर… ते घाणीनं बरे झाले.”

“किती महिने वाफेवर काढल्यास?”

“ठमीला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं तोवर.”

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “तयार चकती तपासायला हवी हे मला सुचायला नको होतं का? बरण्या तू धुतल्यास, पण छातीठोक भाषणं मी देत फिरलो.” मग त्यांनी फोन उचलला आणि तिच्यादेखतच परवानगी देणाऱ्या समितीच्या कार्यालयाला सांगितलं की अर्ज येणार नाही. फोन ठेवून म्हणाले, “आत्ता केला नसता तर उद्या मला काहीतरी कारण सापडलं असतं. वाफेच्या चार चकत्या तपासणीला ठेव, बाकीच्या जाळायला पाठव. घरी सांगितलंस?”

तिनं मान हलवली. नाही.

रविवारी सकाळी सासूबाई गॅलरीत ठमीची नखं कापत होत्या. ठमीचा पंजा त्यांच्या हातात, आणि एकेका बोटाला त्या पेशंटसारखं बजावत होत्या, “हलायचं नाही, हललास तर भूल देईन.” ठमी खिदळत होती.

“आई, चकती होणार नाही,” ती म्हणाली.

“लांबली का?”

“लांबली नाही. ती नव्हतीच.”

नेलकटर थांबलं नाही. ती बोलत गेली, सासूबाई नखं कापत गेल्या. वाफ, सालं, नळ्या. सासूबाईंनी मधेच विचारलं, “ऑटोक्लेव्हमधून काढल्या होत्यास ना? पुरता वेळ?”

“पुरता वेळ. जंतू मेले होते. सालं राहिली. कात्रीला वाफ पुरते, आई. ह्याला नाही पुरत.”

आता हात थांबला. सासूबाईंनी ठमीचा अंगठा तसाच धरून ठेवला.

“मीच सांगितलं होतं तुला.”

“तसं काही नाही, आई.”

“कसं नाही? ठमीला त्या बयेनं पायरीवर बसवलं होतं त्या दिवशी. तू स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होतीस, मला ऐकू येऊ नये म्हणून. मी नुकती ड्यूटीवरून आले होते. मी म्हटलं, काच ती काच. वाफेत काढ आणि ये घरी. माझ्या हातची कात्री छत्तीस वर्षांत कुणाला बाधली नाही. म्हटलं का नाही?”

“म्हटलंत. पण नियम मला माहीत होता. तुम्हाला नव्हता.”

“मला माहीत नसताना मी बोलले. हे तर जास्त वाईट.” त्यांनी ठमीचा हात सोडला. ठमीनं लगेच दुसरा पुढे केला. “किती दिवस माहीत होतं तुला?”

“दहा.”

“दहा दिवस माझ्यासमोर बसून जेवलीस.”

सासूबाईंनी उरलेली पाच नखं कापली, कचरा कागदात गुंडाळला आणि उठताना कठड्याचा आधार घेतला. ती हात द्यायला पुढे झाली तर म्हणाल्या, “राहू दे. डॉक्टरची वेळ घे. तेवढं कर.”

डॉक्टरांची वेळ बुधवारची मिळाली. त्यांच्या उमेदवारीत पहिली चीर सासूबाईंच्या समोरच घेतली गेली होती. “हात असा थरथरत होता की मला वाटलं पेशंटपेक्षा ह्यालाच भूल द्यावी,” हा किस्सा सासूबाईंनी घरात शंभरदा सांगितला होता. डॉक्टर आता टकले झाले होते, पण त्यांना अजून सिस्टर म्हणत आणि त्या आल्या की उभे राहत.

त्यांनी रिपोर्ट पाहिले, सासूबाईंच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. पिवळेपणा सुनेला घरी दिसला नव्हता. रोज बघणाऱ्याला नाहीच दिसत.

“सिस्टर, ते औषध आता यकृत सोसणार नाही. अडीच महिन्यांपूर्वी जर…”

“वाक्य पुरं करू नकोस,” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी केलं नाही. दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या. खालच्या मजल्यावर औषधांच्या खिडकीसमोर दोघी बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत त्याची सहा चित्रं होती. सासूबाई ती बघत होत्या.

“ते अकरा उंदीर. खरंच बरे झाले होते ना?”

“हो.”

“गाठी गेल्या होत्या?”

“पूर्ण गेल्या होत्या, आई.”

“आता कसे आहेत?”

“मारले. बरे झालेले आधी मारतात. आत काय झालं ते बघायचं असतं.”

“बघा, म्हणजे बरं होऊनही सुटका नाही.” त्या हसल्यासारखं काहीतरी करून पुन्हा चित्रांकडे वळल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “घाणीनं का होईना, गाठी गेल्या. मग मला घाणच दे.”

“आई!”

“ओरडू नकोस. राहिल्या आहेत का त्यातल्या?”

“उंदराला चालतं ते माणसाला चालत नाही. तुमच्या-माझ्या अंगाला त्याचा अगदी कणसुद्धा…”

“मला शिकवतेस? घाण रक्तात चढलेली माणसं मी तुझ्या जन्माआधीपासून बघितली आहेत. थंडी भरते, दात वाजतात, ब्लडप्रेशर पडतं. कधी कधी उठतात.”

“कधी कधी.”

“आणि तुझ्या ह्या डॉक्टरानं मला काय दिलंय? ‘कधी कधी’ तरी दिलंय का?” त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हात गरम होता, नेहमीपेक्षा जास्त गरम. “गाठीचे तुकडे राहू देत. नुसती चकती. मी स्वतः बसवीन, आरशासमोर. इतकीशी चीर. तू खोलीत यायचंही नाही. तू फक्त आण.”

खिडकीतून गोळ्यांसाठी आवाज आला. ती उठली, त्यामुळे तिला हो किंवा नाही म्हणावं लागलं नाही. सासूबाईंनीही पुन्हा विषय काढला नाही. फक्त शुक्रवारी सकाळी ती निघताना दाराशी येऊन म्हणाल्या, “ठमीला आज मीच आणणार. तू सरळ पाळणाघराशी ये.” त्यांनी केस नीट विंचरले होते.

फ्रीजमधल्या खोक्यात तेवीस चकत्या निघाल्या. सरांनी विचारलं होतं, “किती असतील?” आणि तिनं सांगितलं होतं, “पंधरा-वीस.” म्हणजे तीन-चार चकत्या कुठे गेल्या हे विचारणारं जगात कुणी नव्हतं. तिनं चार तपासणीला बाजूला काढल्या. अठरा पिवळ्या पिशवीत टाकल्या. एक लहान निर्जंतुक बाटलीत घातली, झाकण फिरवलं, आणि बाटली एप्रनच्या खिशात ठेवली.

तशीच ती दुपारपर्यंत काम करत राहिली. चालताना बाटली मांडीला लागत होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. नळीनं दाखवलेली घाण एका चकतीत किती, चव्वेचाळीस किलोच्या बाईला किती सोसते. उत्तर आलं ते बघून तिनं पुन्हा मांडला, एखादं शून्य जास्त पडलं असेल म्हणून. तिसऱ्यांदाही तेच. एका चकतीत दहा धडधाकट माणसांना तापानं लोळवण्याइतकी घाण होती. सासूबाई एक होत्या, आणि धडधाकट नव्हत्या.

चकतीचा चतुर्थांश कापला तर? आठवा भाग? तेही तिनं मांडून पाहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

“बाई, डबा तसाच?” उंदीरमामा पाणी प्यायला वर आले होते. “पोरगी आजारी आहे का?”

“नाही, मामा. सासूबाई.”

“असं.” त्यांनी ग्लास विसळून पालथा घातला. “माझी सासू गेली तेव्हा मला वाटलं मी नाचेन. नाही नाचलो.” आणि ते खाली निघून गेले.

चार वाजता जाळायच्या पिशव्या न्यायला गाडा आला. पिशवीचं तोंड बांधायच्या आधी तिनं खिशातली बाटली काढली. तिला वाटत होतं, आता काहीतरी मोठं सुचेल, हे कशासाठी करतो आहोत ते स्वतःला सांगता येईल. सुचलं एवढंच, की आज-उद्या कधीतरी त्या खोलीत सासूबाईंचे दात वाजतील, दार आतून लावलेलं असेल आणि ठमी त्या दारावर थापा मारत “आजी, आजी” करेल. सासूबाईंचा जीव वाचावा म्हणून ती चकती टाकत नव्हती. तो वाचणार नव्हताच. तो आपल्या हातानं जाऊ नये म्हणून टाकत होती. ही माया की भित्रेपणा, हे तिला त्या गाड्यापाशी ठरवता आलं नाही, आणि पुढेही कधी आलं नाही. तिनं बाटली पिशवीत टाकली आणि तोंडाला गाठ मारली.

पाळणाघराच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. सासूबाई बाहेर उभ्या होत्या, ठमी कडेवर. गेले कित्येक दिवस त्यांनी ठमीला उचललं नव्हतं. आज उचललं होतं आणि पाठ ताठ ठेवून उभ्या होत्या, थिएटरात उभं राहावं तशा. ठमी त्यांच्या कानातल्याशी खेळत होती. बाकीच्या आया आपापली मुलं घेऊन चालल्या होत्या.

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या पर्सकडे. मग पुन्हा तोंडाकडे.

“काही आणलंस?”

“नाही, आई.”

“राहिल्या नव्हत्या का?”

खोटं बोलायला वाट करून दिली होती त्यांनी. तिला ते कळलं.

“राहिल्या होत्या. टाकल्या.”

एक सायकल घंटी वाजवत गेली, ठमीनं तिच्याकडे बघून टाटा केला. मग सासूबाईंचे खांदे खाली आले. एकदम नव्हे, सावकाश.

“मी असते तर आणली असती,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर धरायला काहीतरी झालं असतं. “घे हिला. पडेल माझ्या हातून.”

तिनं ठमीला घेतलं. कडेवर ओळखीचं वजन आलं, दुधाचा आणि खडूचा वास आला. मोकळ्या झालेल्या हातांचं काय करावं हे न सुचून सासूबाईंनी ते पदरात गुंडाळले. फाटकापासून घर सात मिनिटांवर. पहिल्या दिव्याच्या खांबाशी त्या थांबल्या, दुसऱ्याशीही. ती पुढे गेली नाही, की आधार द्यायला हातही पुढे केला नाही. त्या थांबल्या की थांबायची, चालल्या की चालायची. ठमी म्हणाली, “आजी, चल ना.” सासूबाई म्हणाल्या, “येते गं. तुम्ही व्हा पुढे.”

त्या दोघी पुढे झाल्या नाहीत.